पाठीची ओळख

"नीट बघ. मान वर कर आणि बघ. ह्याला ओळखतोस?"

तोकुजीने मान वर केली. समोर खुर्चीवर एक तरुण बसला होता. डोक्याचा चकोट केलेला, खालचा ओठ सुजून टरारलेला. अंगात कुणाचा तरी ढगळ सदरा होता आणि उकाड्याच्या दिवसांतही त्याची गळ्यापर्यंतची बटणे लावलेली होती. तो तोकुजीकडे बुडणाऱ्याने काठावरच्या माणसाकडे पाहावे, तसा पाहत होता. त्याने तोंड उघडले मात्र, शेजारच्या शिपायाने टेबलावर काठी आपटली.

"तू बोलायचं नाहीस. हं, काय रे? ओळखतोस का?"

तोकुजीने चष्मा सारखा केला आणि पुन्हा पाहिले. मोठाले कान, हनुवटीवर लहानशी खळी. छे, हा चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता.

"नाही साहेब."

"कधीच नाही पाहिलंस?"

"आठवत नाही साहेब. नाही."

तरुणाने डोळे मिटले. खिडकीपाशी पाठमोरा उभा असलेला कोणी एक साहेब 'झालं' अशा अर्थाने खाकरला. कागद पुढे आला, तोकुजीने अंगठा उठवला. तो अंगठाही कागदावर नीट उमटेना. तीस वर्षे पाण्यात राहून त्याच्या बोटांची कातडी सुरकुतून गेली होती. शिपाई हसला आणि म्हणाला, "चोर व्हायला हवा होतास लेका, ठसाच सापडला नसता."

तोकुजीही भीतभीत हसला आणि बाहेर पडला. रस्त्यावर आल्यावर त्याने मोकळा श्वास घेतला. विचारले ते खरे सांगितले. सुटलो, असे त्याला वाटले.

तोकुजी तोनेसावा गावातल्या 'मात्सुयु' हमामखान्यात लोकांच्या पाठी धुवायचा. त्या काळी जपानात घरोघरी न्हाणीघरे नव्हती. सगळा गाव संध्याकाळी हमामात यायचा. मधल्या उंच बैठकीवर मालकीण ओशिगे बसे. तिच्या एका हाताला पुरुषांची बाजू, दुसऱ्या हाताला बायकांची. कुणी पाठ धुण्याचे दोन पैसे जास्त दिले की ती लाकडी टिपऱ्या वाजवी. पुरुषासाठी एकदा, बाईसाठी दोनदा. मग तोकुजी आखूड चड्डीवर, हातात अंग घासायची तांदळाच्या कोंड्याची पुरचुंडी घेऊन भट्टीकडच्या दारातून बाहेर येई. आत वाफ दाटलेली असे, म्हणून चष्मा दारामागच्या खिळ्याला अडकवलेला. चष्म्याशिवाय त्याला चार हातांवरचे माणूस म्हणजे नुसता गोळा दिसे. आणि चेहरे बघायची गरजही नव्हती. गिऱ्हाईक त्याच्याकडे पाठ करूनच बसायचे. आधी घासायचे, मग पाणी ओतायचे, मग खांदे रगडून शेवटी ओंजळीच्या पोकळीने थापट्या द्यायच्या. त्या थापट्यांचा आवाज भिंतीपलीकडे बायकांनाही ऐकू जाई. "ऐक, आज तोकुसान रंगात आलेत," असे त्या म्हणत; 'सान' म्हणजे आपले 'राव'.

गावातली कितीतरी माणसे त्याला रस्त्यात भेटत, नमस्कार करत आणि तो गोंधळून वाकून परत नमस्कार करी. कोण होते ते त्याला कळत नसे. तीच माणसे हाताखाली आली की मात्र लगेच कळे, हा सुतार, हा शाळामास्तर, ह्याचा डावा खांदा धरलेला असतो. ही काही त्याला मोठी विद्या वाटत नव्हती. न्हाव्याला डोकी कळतात, चांभाराला पाय, तसेच हे.

युद्ध संपून चार वर्षे झाली होती. अमेरिकन लष्कराच्या जीपगाड्या गावातून धूळ उडवत जात. रेल्वेने हजारो कामगारांना घरी बसवले होते आणि कामगारांच्या सभांतून लाल निशाणे फडकत होती. अशात एका संध्याकाळी इंजिनांच्या शेडमधले तेलाचे गोदाम पेटले आणि आतला म्हातारा पहारेकरी जळून मेला. सकाळ होण्याआधीच सगळ्या वर्तमानपत्रांना ठाऊक झाले होते, की हे लालांचे, म्हणजे कम्युनिस्टांचे काम. युनियनची माणसे उचलली गेली. त्यातला एक, इंजिनात कोळसा ओतणारा नागामिने कुनिओ, ह्यानेच काडी लावली असे पोलीस म्हणत होते. त्याचाच चेहरा तोकुजीला दाखवला होता, हे त्याला नंतर कळले.

"तुला कशाला बोलावलं होतं रे?" ओशिगेने विचारले.

"एक पोरगा दाखवला. म्हटलं, नाही ओळखत."

"बरं केलंस. हल्ली ओळख म्हणजे गळ्यात धोंडा."

चार दिवसांनी, हमामखाना उघडायच्या वेळी, एक काटक म्हातारी आली. बायकांच्या बाजूला ती टाकीत उतरली आणि पाण्यात बसलेल्या एकेकीला अचानक गरम व्हायला लागले.

"आज पाणी फारच कढत आहे बाई."

"हो ना. माझा तर भातही चुलीवर राहिलाय."

बघता बघता टाकीत म्हातारी एकटी उरली. तिने काहीच ऐकले नसल्यासारखे केले. मग बाहेर येऊन, लाकडी चौरंगावर बसून, तिने ओशिगेला खूण केली. टिपऱ्या दोनदा वाजल्या.

तोकुजी तिच्या मागे गुडघ्यांवर बसला. हाडे वर आलेली, वाकलेली पाठ. जन्मभर ओझी वाहिलेली. त्याने हळू हात चालवला.

"तुम्हीच ना तोकुसान?" म्हातारी भिंतीकडे बघत म्हणाली. "मी ओतामी. कुनिओची आई."

तोकुजीचा हात अडखळला.

"घाबरू नका, मी भांडायला नाही आले. एक विचारायचं होतं. माझा पोरगा वकिलाला सांगतो, आगीची घंटा झाली तेव्हा तो तुमच्या हाताखाली बसला होता. आणि तुम्ही म्हणे अंगठा देऊन आलात, की ह्याला जन्मात पाहिला नाही. तुमच्यात आणि त्याच्यात काही वैर होतं का?"

"वैर? आई, मी तर... त्यांनी चेहरा दाखवला हो! कपडे घातलेला, बसवलेला. मी चेहरे कुठं बघतो?"

"मग काय बघता?"

"पाठ."

"त्याच्या पाठीवर चटके आहेत," ती म्हणाली. "लहानपणी अंथरूण ओलं करायचा. वैद्यानं सांगितलं, म्हणून मीच वाळक्या दवण्याच्या चिमटी पाठीवर ठेवून पेटवल्या. मणक्याच्या दोन्ही अंगांना दोन दोन. पाचवी ठेवली आणि पळाला लबाड. ती भलतीकडेच भाजली, डाव्या कुशीवर."

तोकुजीच्या हातातली पुरचुंडी खाली पडली.

ती पाठ! तरुण, रुंद, मानेवर ठिणग्यांचे काळे ठिपके असलेली. पावसाळा नुकता संपला होता. त्या पाठीवर त्याने भरपूर साबण चोळला होता, डाव्या कुशीवरच्या त्या वेड्या चटक्यावरून अंगठा फिरवला होता आणि तेवढ्यात घंटा सुरू झाली होती. पोरगा ताडकन उठला होता. "मामा, शेडकडं आग आहे! आमचं इंजिन आहे आत!" आणि तोकुजी मागून ओरडला होता, "अरे, फेस तरी धुऊन जा!" पण तो फेसासकट सदरा चढवून धावला होता. त्याआधी कितीतरी वेळ तो टाकीत डुंबत होता, गाणे म्हणत होता, आणि म्हाताऱ्या गिऱ्हाइकांनी त्याला "गळा आवर, पाणी नासेल" म्हणून दटावले होते.

"आई," तोकुजी म्हणाला, "ती पाठ... मी..."

"मला काही सांगू नका," ओतामी उठत म्हणाली. "सांगायचं ते जिथं सांगायचं तिथं सांगा."

त्या संध्याकाळी तोकुजी काम करत होता, पण मन आगीच्या दिवसातच घुटमळत होते. मग त्याला पुढचेही आठवले. सगळी गिऱ्हाइके आग बघायला पळाली होती, ओशिगेसुद्धा दारात जाऊन उभी होती आणि तेव्हा एक माणूस आत आला होता. त्याने पैसे ठेवले आणि स्वतःच टिपऱ्या वाजवल्या. सगळा गाव बाहेर आणि हा एकटा आत. बोलला नाही. हातांना तेलाचा भपकारा येत होता, कोंड्याने दोनदा घासले तरी जाईना. आग विझवून आलेली माणसे नंतर आली, ती काजळीने माखली होती. ह्याच्या अंगावर काजळी नव्हती. ह्याच्या उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली एक खळगा होता, मूठभर मांस काढून घेतल्यासारखा.

तोकुजीने तो विचार झटकून टाकला. असेल कुणी, आपल्याला काय करायचे?

दुसऱ्या दिवशी दुपारी टिपरी एकदा वाजली. ओशिगेचा आवाज नेहमीपेक्षा गोड होता. "तोकुसान, नीट कर हो. मोठं गिऱ्हाईक आहे."

चौरंगावर एक धिप्पाड माणूस बसला होता. त्याने सोबत स्वतःचा साबण आणला होता, अमेरिकन, सुगंधी. तोकुजीने पाणी ओतले, फेस केला, हात फिरवला. उजव्या फऱ्याखाली हात गेला आणि बोटे खळग्यात उतरली.

वाफेतही त्याला थंडी वाजली.

"काय रे? थांबलास का?"

"साबण... साबण निसटला साहेब."

"असं." माणूस हलला नाही. "आपण भेटलोय. आठवतं?"

"नाही साहेब."

"पोलीस चौकीत. मी खिडकीपाशी होतो. हायामी माझं नाव. राजधानीहून आलोय, ह्या आगीचा तपास करायला." त्याने मान किंचित वळवली. "त्याआधी कधी भेटलोय का?"

आता तोकुजीला कळले, की हा पाठ धुवायला आलेला नाही. हा बघायला आला आहे, की आपल्या हाताला काय आठवते. तोकुजीने खळग्यावरून हात तसाच पुढे नेला, सपाट जागेवरून न्यावा तसा. उभ्या आयुष्यात तो हाताने कधी खोटे बोलला नव्हता. आता हातालाच खोटे बोलायला लावायचे होते.

"नाही साहेब. मला चेहरे लक्षात राहत नाहीत. डोळे अधू आहेत."

"उत्तम. तुझ्यासारखी माणसं म्हातारी होऊन मरतात." हायामी हसला. "तुझा मुलगा सायबेरियात आहे ना? सेइजी. रशियनांच्या कैदेत."

सेइजी जिवंत आहे एवढाच निरोप वर्षभरापूर्वी मिळाला होता, कुणा परतलेल्या सैनिकाच्या तोंडून.

"आता जहाजं येताहेत. पोरं घरी येताहेत. पण रशियानं त्यांना काय काय पढवलंय, कोण जाणे! बंदरावर उतरली की एकेकाला आम्ही बाजूला घेऊन बसवतो. कुणी एका दिवसात घरी जातो. कुणाला उशीर होतो. आता समज, एखाद्याचा बापच लालांच्या बाजूनं कोर्टात उभा राहिला, तर पोराबद्दल आम्ही काय समजायचं? तूच सांग."

"माझा काही संबंध नाही साहेब त्यांच्याशी."

"तेच तर. खांदे दाब जरा. हां. हात छान आहे तुझा."

जाताना तो साबण तिथेच ठेवून गेला. तोकुजीने तो भट्टीत टाकला. कितीतरी वेळ भट्टीतून तो गोड वास येत राहिला आणि तोकुजी भट्टीमागे कोळशाच्या ढिगावर बसून राहिला. ओशिगे आली.

"काय म्हणाला तो?"

तोकुजीने सांगितले. खळग्याचे सोडून सगळे.

ओशिगेने भट्टीकडचे दार लावून घेतले. मग म्हणाली, "हे बघ तोकुसान, मी विधवा बाई. कोळसा सरकार देतं म्हणून हे पाणी तापतं. उद्या बंद केला तर तू, मी, सगळेच उपाशी. तू अंगठा देऊन आलायस, ते झालं. खोटं तर नाही ना बोललास?"

"नाही."

"मग झालं तर! देवाघरी तोंड दाखवायला जागा आहे. गप बस."

तो गप्प बसला. पण ओतामी रोज यायला लागली. ती पाठ धुवायला सांगत नसे, त्याच्याकडे बघतही नसे. बायका उठून जात, ती एकटी पाण्यात बसे, अंग पुसून ओशिगेला वाकून नमस्कार करून निघून जाई. एवढेच. तोकुजी भट्टीकडच्या फटीतून बघे आणि मागे सरके. रस्त्यात कुणी दोन पावले जास्त मागे चालले तरी त्याचा जीव धसके. दारावर वाऱ्याने थाप पडली तरी हातातले घमेले खाली जाई. एकदा शाळामास्तरांची पाठ धुताना त्याने तीच जागा इतकी घासली, की ते ओरडले, "अहो तोकुसान, कातडी ठेवा थोडी, हिवाळा यायचाय!" सगळे हसले. तोकुजी मात्र हसू शकला नाही.

तो स्वतःला सांगत होता, की पोटचा पोर आधी. परक्याच्या पोरासाठी आपल्या पोराचा बळी कोण देतो? ह्यात काय चुकले? आणि खरेच, त्याला ह्यात काही चूक सापडत नव्हती.

पण एक दिवस भट्टीत फावडे घालताना भलताच विचार मनात आला. तिकडे, बर्फाच्या त्या मुलखात, सेइजीलाही कुणी असेच खुर्चीवर बसवले असेल. कुणाला तरी बोलावून विचारले असेल, ह्याला ओळखतोस? आणि तो माणूसही वाईट नसेल. त्यालाही घर असेल, भीती असेल. तोही म्हणाला असेल, नाही साहेब. आणि सुटलो म्हणून घरी गेला असेल.

फावडे तसेच टाकून तोकुजी अंगावर सदरा घालून निघाला. भीती गेली होती म्हणून नव्हे. उलट, ती इतकी वाढली होती की हमामखान्यात मावेना.

वकील एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत राहत होता. पोरगेलासा होता, कॉलर विटलेली. चटक्यांचे ऐकून त्याचे डोळे चमकले. त्याने तोकुजीचे दोन्ही हात धरले. मग तोकुजीने खालच्या आवाजात दुसरी गोष्ट सांगितली. तेलाचा भपकारा, खळगा आणि कोण पाठ धुवायला आला होता ते.

वकिलाने त्याचे हात सोडले. उठून खिडकी लावली, दार उघडून जिना पाहिला, दार लावले. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"हे आणखी कुणाला सांगितलंत?"

"नाही."

"सांगू नका. कोर्टातही नाही. हे बोललात तर तुम्ही कोर्टापर्यंत पोचणार नाही. कदाचित मीही नाही." तो खुर्चीत बसला. "पहिलं तेवढं सांगा, मामा. पहिलं पुरे. कुनिओला वाचवायला तेवढंच लागतंय."

कोर्टात तोकुजीने पहिले तेवढे सांगितले. उभे राहताना त्याने कठड्याला घट्ट धरले. हायामी कुठे बसला होता ते त्याला कळले नाही. चेहरा कुठे लक्षात होता? म्हणून त्याला प्रत्येक चेहरा हायामीचा वाटत होता.

सरकारी वकील मजेत होता. "म्हणजे तुम्ही माणसाला तोंडावरून नाही, पाठीवरून ओळखता?"

"हो साहेब."

"मग माझी पाठ बघून सांगाल, मी कोण?"

"एकदा धुवायला बसलात तर सांगेन साहेब."

लोक हसले. सरकारी वकीलही हसला आणि मग त्याने तो कागद वर धरला. "हा अंगठा कुणाचा? 'ह्या इसमास मी कधी पाहिलेले नाही.' त्या दिवशी खोटं बोललात की आज?"

"त्या दिवशी चेहरा विचारला होता साहेब. मी चेहऱ्याचं सांगितलं."

कुनिओच्या वकिलाने विनंती केली, की आरोपीला सदरा काढू द्यावा. न्यायाधीशांनी ती नाकारली. कोर्टात उघडे होणे कोर्टाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे ते म्हणाले.

कुनिओला फाशी झाली नाही, जन्मठेप झाली. फाशी टळली ती तुमच्यामुळेच, आता वरच्या कोर्टात जाऊ, असे वकील म्हणाला. तोकुजीला काही कळले नाही. अर्धे वाचल्याचे सुख मानायचे की अर्धे मेल्याचे दुःख, हे त्याला कुणी शिकवले नव्हते.

हिवाळ्याच्या तोंडावर मात्सुयुचा कोळसा बंद झाला. कारण कुणी सांगितले नाही. ओशिगेने कचेरीत चकरा मारल्या, मग ते सोडून दिले. तोकुजीने आपले गाठोडे बांधले, तेव्हा ती कडाडली, "कुठं निघालास? बोलायचं ते बोलून बसलास ना? आता बस इथंच. माझं नाक कापून वर पळतोस होय रे!" आणि तिने त्याच्यापुढे रताळे उकडून ठेवले.

ते बसून राहिले. तोकुजी रोज कोरडी टाकी घासायचा. गिऱ्हाईक दुसऱ्या गल्लीतल्या हमामात जायला लागले होते, जाताना मात्सुयुच्या दारासमोरून पाय उचलून चालत.

एका दुपारी बर्फ भुरभुरत असताना दार सरकले. ओतामी होती. तिच्या काखेत काटक्यांचा भारा होता. डोंगरावर जाऊन वेचून आणलेला, ओलसर. तेवढ्याने एक बादलीसुद्धा कोमट झाली नसती. तिने तो भट्टीपाशी नेऊन नीट रचला, हात झटकले आणि नमस्कार केला.

"सायबेरियाहून जहाज आलंय म्हणे आज," ती म्हणाली.

"हो," ओशिगे म्हणाली. "बसा. नावं सांगतील आत्ता."

ओशिगेने रेडिओ लावला. तिघेही थंडगार फरशीवर, टाकीच्या काठापाशी बसले. तोकुजीने हात गुडघ्यांवर ठेवले. ते कोरडे होते, प्रथमच त्यांना भेगा पडल्या होत्या. निवेदक संथ, कोरड्या आवाजात बंदरावर उतरलेल्यांची नावे वाचत होता. गाव, नाव, बापाचे नाव. गाव, नाव, बापाचे नाव. ओतामीने डोळे मिटले होते. तिचे कुणीच त्या जहाजात नव्हते, तरी ती प्रत्येक नावाला मान हलवत होती.

बाहेर उजेड कमी होऊ लागला. नावे अजून संपली नव्हती.